विश्लेषण : बुद्धाच्या शोधात घर सोडले आणि त्याची किंमतही लिहून ठेवली… कोण होते धर्मानंद कोसंबी?

बौद्ध धर्म आणि पाली भाषेचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांच्या जन्माला ९ ऑक्टोबर २०२६ रोजी १५० वर्षे पूर्ण होतात. गोव्यातल्या एका खेड्यात नारळाच्या बागा सांभाळणारा, शालेय शिक्षण जवळपास नसलेला हा माणूस पुढे हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाचे संपादन करायला गेला. ही ओळख अनेकांना असते. त्यांचे चिरंजीव, गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्यामुळेही हे आडनाव परिचयाचे आहे. मात्र धर्मानंदांनी स्वतःच्या पूर्वायुष्याबद्दल एक छोटे पुस्तक लिहिले आणि त्यात स्वतःला फारशी सवलत दिली नाही, ही गोष्ट तितकी चर्चेत येत नाही. ‘निवेदन’ हे ते पुस्तक. त्यात काय आहे, ते वेगळे का ठरते आणि त्यांच्या पुढच्या संशोधनाशी त्याचा काय संबंध आहे, हे जाणून घेऊ.

‘निवेदन’ म्हणजे नेमके काय?

‘निवेदन’ १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आले. तेव्हा धर्मानंद पन्नाशीच्या आतच होते आणि अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात काम करत होते. पुस्तकातला काळ मात्र १९१२ च्या आसपास थांबतो. म्हणजे नाव, पद आणि मान मिळण्याच्या आधीचा प्रवास हाच त्याचा मुख्य विषय आहे.

पुस्तकाचे नावही लक्षात घेण्यासारखे आहे. ‘निवेदन’ हा शब्द साधा, जवळपास दप्तरी. घडले ते सांगतो, यापलीकडे त्यात दावा नाही. आतला मजकूरही तसाच आहे. कुठून कुठे गेलो, कोणी मदत केली, कोणी हाकलले, पैसे किती उरले, कुठे हिंमत संपली, याची सरळ नोंद. आपल्याकडे मोठ्या माणसांची चरित्रे अनेकदा लहानपणीच तेज दिसू लागल्याच्या गोष्टीने सुरू होतात. धर्मानंदांची सुरुवात उलटी आहे. लहानपणी आपली गणना हुशार मुलांमध्ये होत नव्हती, हे ते स्वतःच सांगून टाकतात.

गोव्यातले बालपण कसे होते?

धर्मानंदांचा जन्म १८७६ मध्ये गोव्यातल्या सांखवाळ या गावी, एका गौड सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. वडिलांचे नाव दामोदर, आईचे आनंदीबाई. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती. सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत होते आणि मराठी शिकायचे तर गावातली एखादी शाळा किंवा खासगी व्यवस्था यावर भागवावे लागे. त्यातच लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. शाळा सुरू व्हायची आणि तुटायची. पदवी सोडाच, मॅट्रिकपर्यंतही ते पोहोचले नाहीत.

घरची नारळाची बाग होती. माडांना पाणी, पाडेली बोलावून नारळ उतरवणे, हिशेब ठेवणे, ही कामे तरुण वयातच त्यांच्याकडे आली. त्या काळच्या रीतीप्रमाणे पंधराव्या वर्षाच्या सुमारास लग्नही झाले. पत्नीचे नाव बाळाबाई. लग्न ही आपल्याला अडकवणारी बेडी आहे, असे त्यांना तेव्हाच वाटू लागले होते आणि ही भावना त्यांनी झाकून ठेवली नाही.

शिक्षण नसले तरी वाचन होते. मराठी पुस्तक मिळेल ते वाचायचे. तुकारामांच्या अभंगांचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. संसारात राहून मन संसारात नसणे ही अवस्था मराठी घरांना तुकारामांमुळे ओळखीची होतीच. धर्मानंदांच्या बाबतीत ती अवस्था पुढे एका निश्चित दिशेला वळली.

बुद्धाशी ओळख कशी झाली?

ही ओळख कोणत्याही बौद्ध ग्रंथातून झाली नाही. ‘बालबोधमेवा’ नावाचे मुलांचे एक मराठी मासिक तेव्हा निघत असे. अमेरिकन मराठी मिशन ही ख्रिस्ती संस्था ते चालवत होती. १८९७ च्या सुमारास या मासिकात बुद्धाबद्दलचा मजकूर धर्मानंदांच्या वाचनात आला. नंतर गोविंद नारायण काणे यांनी लिहिलेले बुद्धाचे मराठी चरित्र त्यांच्या हाती पडले. ख्रिस्ती मिशनचे बालमासिक, पोर्तुगीज अमलाखालचे गाव आणि तुकाराम वाचणारा हिंदू तरुण, अशा जोडणीतून आधुनिक काळातला एक मोठा पाली अभ्यासक घडायला सुरुवात झाली.

पण पुढे अडचण होती. बुद्धाबद्दल अधिक वाचायचे तर वाचायचे काय? बुद्धाच्या उपदेशाचे सर्वांत जुने उपलब्ध ग्रंथ पाली भाषेत आहेत. श्रीलंका, ब्रह्मदेश आणि सयाम इथल्या विहारांमध्ये ते शतकानुशतके जपले गेले. जिथे बुद्ध फिरला आणि वारला त्या भारतात मात्र ही परंपरा तुटली होती. महाराष्ट्रात किंवा गोव्यात पाली शिकवणारी शाळा नव्हती. आज एखाद्या विषयाची माहिती हवी असेल तर मोबाइल उघडला की झाले. १८९९ मध्ये धर्मानंदांना त्यासाठी घर सोडावे लागणार होते.

घर सोडले तेव्हा घरी कोण होते?

‘निवेदन’मधला सर्वांत अवघड भाग हाच आहे. १८९९ च्या अखेरीस धर्मानंद घराबाहेर पडले तेव्हा ते २३ वर्षांचे होते. घरी पत्नी होती आणि त्याच वर्षी जन्मलेली माणिक ही तान्ही मुलगी होती.

हा एका रात्रीत झालेला निर्णय नव्हता. त्याआधीही ते घर सोडून गेले होते आणि परत आले होते. कधी पैसे संपले, कधी प्रकृतीने साथ दिली नाही, कधी निर्धारच ढासळला. प्रत्येक परतीनंतर गावात बोलणी खावी लागत. एखाद्या चरित्रकाराने हे अयशस्वी प्रयत्न गाळून शेवटचे एकच भव्य प्रयाण ठेवले असते. धर्मानंदांनी ते गाळले नाहीत. त्यामुळे वाचकाला जो माणूस दिसतो तो वज्रनिश्चयी वैरागी नाही. पुन्हा पुन्हा कच खाणारा आणि तरीही तोच विषय डोक्यातून न जाणारा असा तो एक तरुण आहे.

बुद्धाच्या गोष्टीशी असलेले साम्य कोणाच्याही लक्षात येईल. तिथेही पत्नी आणि तान्हे मूल मागे राहते. हे साम्य वापरून स्वतःच्या जाण्याला उदात्त रंग देणे धर्मानंदांना सहज जमले असते. पण आपण गेलो याचा अर्थ घरच्यांच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न ‘निवेदन’ वाचताना बाजूला सारता येत नाही, कारण लेखकाने तो सारलेला नाही.

गोवा ते ब्रह्मदेश : सात वर्षांचा प्रवास कसा झाला?

पहिला मुक्काम पुणे. तिथे संस्कृतचे नामवंत विद्वान आणि प्रार्थना समाजाचे नेते रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याशी त्यांचा संबंध आला. संस्कृत पक्के झाल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, हे धर्मानंदांना कळत होते. पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे ते काशीला पोहोचले.

काशीतले दिवस हलाखीचे होते. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या अन्नछत्रातले जेवण, थंडीत अपुरे कपडे आणि दिवसभर व्याकरणाची घोकंपट्टी. वय पंचविशीकडे झुकलेले आणि सोबतचे विद्यार्थी कितीतरी लहान. वेदान्त शिकायला नव्हे, पुढे बौद्ध ग्रंथ समजावेत म्हणून आपण संस्कृत शिकतोय, हे काशीतल्या वातावरणात उघड सांगण्यासारखेही नव्हते.

१९०२ मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या देशात बौद्ध धर्म जिवंत सापडेल अशी त्यांची अपेक्षा होती. काठमांडूत जे दिसले त्याने त्यांची निराशा झाली. तिथून ते बुद्धगयेला आले. श्रीलंकेत गेल्याशिवाय पाली शिकता येणार नाही, हे आता स्पष्ट झाले होते. कोलकात्यात अनागारिक धर्मपाल यांनी स्थापन केलेल्या महाबोधी सभेची मदत मिळाली आणि त्याच वर्षी ते कोलंबोला पोहोचले.

कोलंबोचे विद्योदय परिवेण हे त्या काळातले पाली अभ्यासाचे मोठे केंद्र होते. हिक्कडुवे सुमंगल हे त्याचे संस्थापक आणि प्रमुख. त्यांच्याकडे धर्मानंदांनी दीक्षा घेतली आणि पाली शिकायला सुरुवात केली. ज्या ग्रंथांसाठी घर सोडले ते अखेर समोर होते. मात्र तिथला आहार त्यांना मानवेना. प्रकृती ढासळली आणि भारतात परतावे लागले. पुढे ते ब्रह्मदेशात गेले, तिथल्या विहारांत राहिले, ध्यानाचा अभ्यास केला. मग भारतात येऊन कुशिनारा, श्रावस्ती, लुंबिनी, राजगृह अशा बुद्धाशी निगडित स्थळांची यात्रा केली, बरीचशी पायी आणि भिक्षेवर.

या सगळ्या प्रवासात एक गोष्ट सतत दिसते. त्यांच्याकडे ना शिष्यवृत्ती होती, ना संस्थेचे पत्र. वाटेत भेटणाऱ्या माणसांवर सगळे अवलंबून होते. कोणी तिकिटाचे पैसे दिले, कोणी आठवडाभर ठेवून घेतले, कोणी दारातूनच परत पाठवले.

भिक्षूची वस्त्रे का उतरवली?

१९०६ मध्ये धर्मानंद कोलकात्यात होते. वंगभंगाच्या विरोधातल्या आंदोलनाचा तो काळ. राष्ट्रीय शिक्षणासाठी नॅशनल कॉलेज सुरू झाले होते आणि अरविंद घोष त्याचे प्राचार्य होते. अनेक भाषांचे जाणकार हरिनाथ दे यांच्यासारखी माणसे धर्मानंदांकडे पाली शिकू लागली. नॅशनल कॉलेजमध्ये आणि मग कोलकाता विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले.

याच सुमारास त्यांनी चीवर, म्हणजे भिक्षूची वस्त्रे, उतरवली. भिक्षूच्या नियमांमध्ये राहून भारतात शिकवणे, फिरणे आणि लिहिणे अवघड आहे, हे त्यांना जाणवले होते. मोठ्या धडपडीनंतर मिळालेले भिक्षुपद सोडणे ही माघार आहे, असे कोणी म्हणू शकले असते. धर्मानंदांनी हा बदल जसा झाला तसा मांडला.

त्याच वर्षी ते गोव्यात घरी गेले. सात वर्षांनी पत्नीची भेट झाली. तान्ही सोडून गेलेली माणिक आता सात वर्षांची होती. पुढे बाळाबाई त्यांच्यासोबत कोलकात्याला आल्या. जुलै १९०७ मध्ये मुलगा झाला, तेच दामोदर. नंतर मनोरमा आणि कमला या दोन मुली झाल्या.

कोलकात्यात पद आणि पगार दोन्ही होते. पण आपण जे शिकलो ते आपल्या भाषेच्या लोकांपर्यंत पोहोचावे, ही ओढ त्यांना स्वस्थ बसू देत नव्हती. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्यासमोर एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे, बडोदा संस्थानासाठी पुस्तके लिहावीत आणि दरमहा ५० रुपये घ्यावेत. रक्कम कोलकात्याच्या मानाने कमी होती. धर्मानंदांनी ती स्वीकारली. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० मध्ये तयार झाले. मूळ पाली ग्रंथ वाचलेल्या माणसाने मराठीत बौद्ध धर्म समजावून सांगण्याची ही नवी सुरुवात होती.

हार्वर्डमध्ये त्यांनी काय काम केले?

मुंबईत असताना हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वूड्स यांच्याशी त्यांची ओळख झाली. हार्वर्डमध्ये एक काम अडून पडले होते. हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची संपादित आवृत्ती तयार करायला घेतली होती. १८९९ मध्ये वॉरन यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या अखेरीस धर्मानंद घराबाहेर पडले होते.

‘विसुद्धिमग्ग’ हा बुद्धघोष यांनी पाचव्या शतकात श्रीलंकेत लिहिलेला ग्रंथ. शील, समाधी आणि प्रज्ञा या तीन टप्प्यांतून बौद्ध साधना कशी करायची, याची ती सविस्तर पद्धतशीर मांडणी आहे. असा ग्रंथ हाताने नकला करत शेकडो वर्षे पुढे आलेला असतो. प्रत्येक नकलेत चुका शिरतात. बर्मी लिपीतल्या प्रतीत एक शब्द आणि सिंहली लिपीतल्या प्रतीत दुसरा, असे जागोजागी होते. सगळ्या प्रती शेजारी ठेवून, ओळीमागून ओळ ताडून, मूळ पाठ कोणता असावा हे ठरवायचे, याला पाठसंपादन म्हणतात. त्यासाठी भाषा, लिपी आणि विषय तिन्ही यावे लागतात. धर्मानंदांनी श्रीलंका आणि ब्रह्मदेशातल्या विहारांत नेमके हेच कमावले होते.

१९१० मध्ये ते पहिल्यांदा अमेरिकेला गेले आणि १९१२ मध्ये परतले. काम पूर्ण झाले नाही. हार्वर्डचे ज्येष्ठ प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी, आवृत्तीवर नाव आणि श्रेय कोणाचे यावरून त्यांचे तीव्र मतभेद झाले. धर्मानंद या कामासाठी नंतरही अमेरिकेला गेले, १९१८ ते १९२२ या काळात आणि पुन्हा १९२६ च्या सुमारास. तरीही हार्वर्डची आवृत्ती बाहेर पडायला १९५० उजाडले. तेव्हा वॉरन, लॅनमन आणि धर्मानंद तिघेही हयात नव्हते. दरम्यान १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने धर्मानंदांची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली होती. त्यामुळे त्यांच्या हयातीत ग्रंथ निदान भारतीय लिपीत वाचकांपर्यंत आला.

हार्वर्ड ओरिएंटल सिरीज या मालिकेत ‘विसुद्धिमग्ग’चा क्रमांक ४१ आहे. त्यापुढचा ४२ वा ग्रंथ म्हणजे ‘सुभाषितरत्नकोश’. तो १९५७ मध्ये आला आणि त्याच्या दोन संपादकांपैकी एक दामोदर कोसंबी होते. एकाच मालिकेत लागोपाठचे दोन खंड वडील आणि मुलाचे!

महाराष्ट्रात पाली कोणी रुजवली?

१९१२ ते १९१८ या काळात धर्मानंदांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळण्यामागे भांडारकरांचा पाठिंबा आणि धर्मानंदांचा पाठपुरावा होता. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पु. वि. बापट यांनी पुढे आंतरराष्ट्रीय ख्याती मिळवली. १९५६ मध्ये बुद्ध परिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त भारत सरकारने काढलेल्या ग्रंथाचे संपादन बापटांनीच केले.

ज्या माणसाला तरुणपणी पाली शिकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागला, त्याने पुढच्या पिढीसाठी ती पुण्यातल्या वर्गात आणून ठेवली. धर्मानंदांच्या कामाची सर्वांत व्यावहारिक बाजू हीच आहे.

बुद्धाने घर का सोडले? धर्मानंदांचे उत्तर वेगळे का?

‘निवेदन’मधला सरळपणा धर्मानंदांच्या संशोधनातही दिसतो. त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक ‘भगवान बुद्ध’ १९४० च्या सुमारास आले. साहित्य अकादमीने नंतर त्याचे अनेक भारतीय भाषांत अनुवाद करून घेतले.

सिद्धार्थाने म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि त्या धक्क्याने मध्यरात्री, पत्नी आणि मूल झोपेत असताना तो निघून गेला, ही कथा सगळ्यांना माहीत आहे. धर्मानंदांनी जुने पाली ग्रंथ चाळून तीन मुद्दे मांडले.

पहिला, चार दृश्यांची ही कथा प्राचीन सुत्तांमध्ये विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाबद्दल येते. ती गौतमाला नंतर चिकटवली गेली.

दुसरा, ‘अरियपरियेसन सुत्त’ या जुन्या सुत्तात, आईवडील रडत असताना त्यांच्या मनाविरुद्ध आपण प्रव्रज्या घेतली, असे स्वतः बुद्धाच्या तोंडी येते. म्हणजे जाणे चोरून, मध्यरात्री झालेले नव्हते.

तिसरा, ‘सुत्तनिपात’मधल्या ‘अत्तदंड सुत्ता’त शस्त्रे उचलून भांडणाऱ्या माणसांना पाहून मनात भीती आणि वैराग्य निर्माण झाल्याचे वर्णन आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात तंटे होत. या हिंसक भांडणांना उत्तर शोधणे हे गृहत्यागामागचे खरे कारण असावे, असा निष्कर्ष धर्मानंदांनी काढला. हीच कल्पना घेऊन त्यांनी ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही लिहिले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही चार दृश्यांची कथा नाकारून रोहिणीच्या पाण्याच्या वादाला गृहत्यागाचे कारण मानले आहे. दोघांच्या मांडणीत फरक आहेत. पण आज महाराष्ट्रातल्या लाखो बौद्ध घरांत बुद्धाच्या गृहत्यागाची जी गोष्ट सांगितली जाते, तिच्या जवळ जाणारा विचार धर्मानंदांनी मराठीत आधी मांडला होता.

हे वाचताना १८९९ चा तरुण आठवल्याशिवाय राहत नाही. घर सोडून गेलेला माणूस म्हातारपणाकडे झुकताना, ज्याच्यामागे तो गेला त्याच्या घर सोडण्याचा पुरावा तपासत होता. झोपलेल्या कुटुंबाला टाकून जाण्याची सुंदर कथा त्याने नाकारली आणि रडणाऱ्या आईवडिलांचा उल्लेख असलेला कोरडा मजकूर स्वीकारला. यामागे स्वतःचा अनुभव किती आणि विद्वत्ता किती, हे वेगळे काढता येणार नाही. पद्धत मात्र दोन्हीकडे एकच आहे. गोष्ट शोभून दिसते का हे बघायचे नाही, ती घडली का हे बघायचे.

राजकारणाशी आणि गांधीजींशी काय संबंध होता?

अमेरिकेतल्या वास्तव्यात धर्मानंदांनी समाजवादाचा अभ्यास केला. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडला गेले आणि तिथे पाली शिकवली. परत आल्यावर १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते उतरले. कोकणातले शिरोडे आणि मुंबईतले विलेपार्ले या दोन्ही ठिकाणी त्यांनी काम केले आणि तुरुंगवासही भोगला. १९३५ मध्ये आलेल्या ‘हिंदी संस्कृति आणि अहिंसा’ या पुस्तकात बुद्ध, गांधी आणि समाजवाद हे तीन धागे एकत्र दिसतात. मुंबईत परळच्या गिरणगावात, श्रमिकांच्या वस्तीत, त्यांनी १९३७ मध्ये बहुजन विहार सुरू केला. त्याच्या इमारतीसाठी जुगलकिशोर बिर्ला यांनी पैसे दिले.

जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर शेवटच्या काळात मोठा प्रभाव होता. वय झाले, शरीर थकले आणि आपल्या हातून आता सेवा होत नाही, असे वाटू लागल्यावर जैन परंपरेतल्या सल्लेखनेप्रमाणे अन्नत्याग करायचे त्यांनी ठरवले. १९४६ मध्ये सुरू केलेला उपवास गांधीजींच्या सांगण्यावरून त्यांनी थांबवला. पुढच्या वर्षी सेवाग्राम आश्रमात पुन्हा उपवास केला आणि जून १९४७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. स्वातंत्र्य अवघ्या दोन महिन्यांवर होते. गांधीजींनी आपल्या प्रार्थनासभेत त्यांची आठवण काढली.

बाळाबाई आणि मुलांचे काय झाले?

धर्मानंदांचे चरित्र सांगताना हा प्रश्न बहुतेक वेळा शेवटच्या ओळीत उरकला जातो. १९१८ मध्ये ते माणिक आणि दामोदर यांना घेऊन अमेरिकेला गेले. बाळाबाई दोन धाकट्या मुलींसह भारतात राहिल्या. म्हणजे १८९९ ते १९०६, मग १९१० ते १९१२ आणि पुन्हा १९१८ ते १९२२ असा दीर्घ काळ त्यांनी नवऱ्याशिवाय काढला. पहिल्या सात वर्षांत तर तो परत येईल की नाही, हेही माहीत नव्हते. परागंदा नवऱ्याची बायको म्हणून १९०० च्या गोव्यात जगणे काय असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. जिला पाळण्यात सोडून वडील गेले ती माणिक अमेरिकेत रॅडक्लिफ महाविद्यालयात शिकली. १९२० च्या आसपास मराठी घरातल्या मुलीसाठी ही मोठी गोष्ट होती. दामोदर गणितज्ञ झाले. जनुकशास्त्रात आजही वापरले जाणारे कोसंबी मॅपिंग फंक्शन त्यांच्याच नावाचे, आणि भारतीय इतिहासलेखनाला त्यांनी दिलेले वळण तर सर्वश्रुत आहे. दामोदर यांची कन्या, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी आजोबांचे ‘निवेदन’ २०११ मध्ये इंग्रजीत आणले. १९ व्या शतकातल्या मराठी स्त्रियांच्या जीवनाचा अभ्यास हे मीराताईंचे मुख्य काम होते.

आज ‘निवेदन’ का वाचावे?

मुलांच्या यशाने बाळाबाईंच्या सात वर्षांची भरपाई झाली, असे म्हणणे सोपे आहे. पण तो हिशेब त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी मिटवायचा नसतो, आणि ‘निवेदन’ बाळाबाईंनी लिहिलेले नाही. धर्मानंदांनी लिहिले, आणि स्वतःच्या बाजूचे आकडे त्यांनी खोडले नाहीत, इतकेच आपण म्हणू शकतो.

तेवढेही कमी नाही. त्यांनी घरातून अनेकदा पळून परत आल्याचे लपवले असते, पत्नी आणि मुलीचा उल्लेख एका ओळीत उरकला असता, अन्नछत्रातली लाचारी गाळली असती, तरी विद्वान म्हणून त्यांचे स्थान कमी झाले नसते. उलट भक्तांना अधिक सोयीचा धर्मानंद मिळाला असता. दीडशेव्या जयंतीनिमित्त सभा होतील, हार घातले जातील, भाषणे होतील. त्यांच्याबद्दल खरोखर काही जाणून घ्यायचे असेल तर हे छोटे पुस्तक आधी वाचावे. ते वाचल्यावर त्यांचा आदर कमी होत नाही. पण ज्यांना मागे सोडून ते गेले, त्यांचीही आठवण त्यासोबत ठेवावी लागते.